लेबलं सोललेल्या कॅसेटी

बिराप्पा : लेबलंच न्हाईत म्हणल्यावर नाव कुठनं आणू, राजाक्का? तू पिशवी उलटी कर न्हाईतर सुलटी कर.

राजेश्वरी : तुमच्याकडच्या कॅसेटींवर तरी असतील म्हणून आले, काका. आमच्या घरातल्या सगळ्या अशाच निघाल्या. खरवडलेल्या.

बिराप्पा : खरवडलेल्या न्हाईत. कोमट पाण्याचं फडकं लावून सोललेल्या. खरवडलं की वरखाडं पडत्यात. तुझा बाप त्यात लय नीट हुता.

राजेश्वरी : आबांनी काढली लेबलं?

बिराप्पा : मग काय उंदरांनी? हितंच, ह्याच लिंबाखाली बसून. मी फडकं पिळून देत हुतो, मास्तर सोलत हुता.

राजेश्वरी : पण का?

बिराप्पा : गुंडा मास्तरपायी. माधवनगरचा. त्या वक्ताला ह्या सगळ्या भागात दोनच बँड नावाजलेलं, आमचा आन त्येचा. आमी नवी धून काढली की म्होरल्या लग्नात त्येच्या बँडात वाजायची. कळंना कसं काय. मग एकदा मेढ्याच्या लग्नात बघतो, तर गुंडा मास्तर पावणा हून पंगतीला बसलाय. जिलबी खातोय, हात धुतोय, आन जाता जाता आमच्या पेटीतली कॅसेट उचलून नाव वाचतोय.

राजेश्वरी : भांडण झालं?

बिराप्पा : मास्तर भांडतोय व्हय! वाढप्याला म्हणाला, त्या पावण्यांना आणखी जिलबी वाढा. तिथनं हितं माझ्या घरला आला, पाणी तापवलं, सगळी लेबलं काढली.

राजेश्वरी : आणि मग तुम्ही कुठली कोणती हे ओळखायचात कसं?

बिराप्पा : कडेला बघ. तापल्या सुईचं टोचं हायत. जिच्या लग्नात धून पयल्यांदा वाजली, तिचं नाव त्या कॅसेटीला. ही राणीची. ही क्रांतीची. ही मेढ्याची, त्या पोरीचं नाव ध्येनात न्हाई. आन ही आमच्या सोनियाची.

राजेश्वरी : तुमच्या सोनियाची?

बिराप्पा : माझ्याच लेकीची. तिच्या पाठवणीला काढली. मग लोक म्हणायला लागलं, आमच्या पोरीलाबी तीच पायजे. निम्म्या खटाव तालुक्याच्या नवऱ्या त्याच धुनेवर सासरी गेल्यात.

राजेश्वरी : आणि ती वाजवणारा मूळचा कोण, हे कुणालाच माहीत नाही.

बिराप्पा : कुठला तरी गोरा न्हाईतर काळा. पलटणीतनं आणलेल्या कॅसेटी त्या. मास्तर पलटणीच्या बँडात सॅक्सोफोन शिकला, तिथंच ह्यो नाद लागला. जिथं पोस्टिंग तिथनं एक-दोन आणायचा. नावं त्येला ठावं हुती, पर म्होरं त्योबी इसरला. पलटणीतला दोस्त आलता एकदा. त्यो विंग्रजी नाव घेतोय, आन मास्तर इचारतोय, म्हंजे राणीची का रं?

राजेश्वरी : हसू नका काका. मला आबांची आवडती धून खरंच शोधायची आहे.

बिराप्पा : हसंना बाई. पर एवढं काय अडलंय त्या नावावाचून?

राजेश्वरी : परवा वर्षश्राद्ध आहे आबांचं. पान वाढायच्या आधी मला त्यांच्यासाठी ती लावायची आहे. दवाखान्यात त्यांना ऐकायची होती, मला मिळाली नाही. वर्षभर शोधतेय. आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही.

बिराप्पा : मी तवा कोकणात, पोरांसंगं, मेंढरांमागं. सांगावा आला तवा सगळं उरकलं हुतं. मला कोण काय सांगितलंच न्हाई. बोलता येत न्हवतं म्हणं?

राजेश्वरी : घशाला नळी होती. सांगलीला आणलं त्याच दिवशी घातली. मी पाटी दिली, त्यावर लिहिलं, ‘निवांत काहीतरी लाव. सॅक्सोफोन.’ एवढंच. दुसऱ्या दिवसापासून उजव्या हाताला सलाईन. हात सुजला, मग लिहिणं संपलं.

बिराप्पा : मग लावलंस?

राजेश्वरी : रोज संध्याकाळी. मोबाईलवर शोधायचं आणि लावायचं. ते नको म्हणायचे.

बिराप्पा : मास्तर? गाण्याला नको म्हणायचा?

राजेश्वरी : प्रत्येकाला. म्हणून तर. त्यांच्या मनात एकच काहीतरी होतं, आणि मी दुसरंच लावत होते.

बिराप्पा : आक्रीतच की.

राजेश्वरी : तुमचा टेप चालू आहे ना? आधी सोनियाची लावू. नाही निघाली तर राणीची, मग क्रांतीची. सगळ्या लावून बघितल्याशिवाय मी इथून उठणार नाही.

बिराप्पा : आमच्या कारभारणीला, बनाबाईला, भाकरी जास्त टाकायला सांगतो मग.

राजेश्वरी : सांगा.

बिराप्पा : थांब, टेपचं झाकण मी धरतो. ते धरूनच ठेवावं लागतंय. हां, दाब आता.

राजेश्वरी : नुसती खरखर आहे.

बिराप्पा : सुरवातीला असतीच.

राजेश्वरी : आता येतंय काहीतरी. पाण्यातून आल्यासारखं. काका, हे सॅक्सोफोनच आहे ना?

बिराप्पा : हायच. पर पट्टीला बुरशी आलीया. ताणला गेलाय आवाज.

राजेश्वरी : गप्प, गप्प. मोबाईलला ऐकू दे. ऐकून गाण्याचं नाव सांगतो हा.

बिराप्पा : एवढं शानं झालंय व्हय ते?

राजेश्वरी : नाही सांगता येत म्हणतोय. पुन्हा लावते… अरे! काय झालं?

बिराप्पा : बंद कर, बंद कर! पट्टी गुंतली. वढू नगंस, तुटंल.

राजेश्वरी : तुटली.

बिराप्पा : तुटली.

राजेश्वरी : चिकटवता येईल का?

बिराप्पा : चिकटंल, पर हे जे गुंडाळलंय ते गेलं. चुरा झालाय बघ हाताला.

राजेश्वरी : ठीक आहे. तुम्ही वाजवून दाखवा मला ती धून. क्लॅरनेट आहे ना अजून?

बिराप्पा : क्लॅरनेट हाय, दात न्हाईत. कवळीनं फुकलं की कवळीच वाजती. गुणगुणू का? ऐक. ला… ला-ला… हितं वर जातीया. मग खाली येती. मग पुन्यांदा वर. तीनदा वर जाती, बघ. चौथ्यांदा आपल्याला वाटतं आता जाणार, आन ती जातच न्हाई. तिथंच बसती. त्याच जागंला नवऱ्या रडायच्या. एकबी चुकली न्हाई. ताशावाला पैजा लावायचा.

राजेश्वरी : मला नाही ओळखू येत.

बिराप्पा : माझ्या गळ्यातनं काय ओळखतीस! पर तू एवढी वर्षभर ऐकतीस, तुला त्यातलं एकबी जवळचं वाटलं न्हाई?

राजेश्वरी : सगळीच वाटतात, तीच अडचण आहे. ‘स्मूथ जाझ’ म्हणून शोधलं की अल्बमांचा ढीग निघतो. निम्म्यांत मागे पावसाचा आवाज घातलेला. काहींत लाकडं जळल्याचा.

बिराप्पा : लाकडं?

राजेश्वरी : शेकोटीचा आवाज. शहरातले लोक तो ऐकत झोपतात.

बिराप्पा : आमची बनाबाई रोज दोन वक्ताला काढती तसला आवाज. तिला सांगतो.

राजेश्वरी : ते मी सोडून दिले. मग जुने, नावाजलेले घेतले. ते कुणाबरोबर वाजवायचे ते वाचलं, मग त्यांचे अल्बम ऐकले. पुस्तकं आणली. तिकडचे क्लब कुठल्या गल्लीत होते तेही मला आता पाठ आहे. कॉलेजातून आले की चहाच्या आधी एक अल्बम. आई म्हणते, बापापेक्षा जास्त येड लागलंय तुला.

बिराप्पा : सुलावयनी बरोबर बोलती.

राजेश्वरी : आणि आता नवीनच सुरू झालंय. कितीतरी अल्बमांच्या मागे वाजवणारं माणूसच नसतं. यंत्रच तयार करतं सगळं.

बिराप्पा : मग फुकतंय कोण?

राजेश्वरी : कुणीच नाही.

बिराप्पा : आन दम कवा घेतंय?

राजेश्वरी : घेतच नाही. त्यावरूनच ओळखायला शिकले मी. थोडा वेळ ऐकायचं. वाजवणारा कुठे श्वासाला थांबलाच नाही, की बंद.

बिराप्पा : ही मातर बेस बात केलीस. मास्तर असता तर तुला बँडात घेतलं असतं. फोन वाजतोय तुझा.

राजेश्वरी : आईचाच आहे. हॅलो, आई. व्हिडिओ लावलायस तू. कान दिसतोय नुसता. समोर धर.

सुलाबाई : मला काय दिसंना. तू दिसतीस का?

राजेश्वरी : कानातलं दिसतंय. राहू दे, बोल.

सुलाबाई : सापडलं का?

राजेश्वरी : अजून नाही.

सुलाबाई : मग ये की घरला. परवा माणसं यायची, हरभऱ्याची डाळ निवडायची पडलीया, आन तू तिकडं वडूजच्या रानात गाणी ऐकत बसलीस. बिराप्पा भावजी हायत का तिथं?

बिराप्पा : हाय की वयनी. रामराम.

सुलाबाई : रामराम. भावजी, हिला काय तरी एक नाव सांगा आन धाडून द्या. कुठलंबी सांगा. हिला काय कळतंय!

राजेश्वरी : आई, मी ऐकतेय.

सुलाबाई : ऐक की. भावजी, ही रोज नवं लावती. आज एक, उद्या दुसरं. मला जरा बरं वाटाय लागलं की हिचं झालं, हे न्हवं म्हणती आन बंद करती.

राजेश्वरी : तू सांग ना मग आबांचं कुठलं होतं ते.

सुलाबाई : मला नाव इचारती ही! दुपारी जेवण झालं की लावायचे. मी डोळा मिटायची. झोपलेल्या माणसाला कोण नाव सांगतंय?

राजेश्वरी : गुणगुणून तरी दाखव.

सुलाबाई : मी? माझ्या उभ्या जन्मात मी गुणगुणली न्हाई. घरात एक वाजवणारा पुरं हुता. जेवून निघ, भावजींच्या घरनं उपाशी येऊ नगंस, बनाबाईला वाईट वाटतंय. ठेवते.

बिराप्पा : ठेवला?

राजेश्वरी : ठेवला. तोंड शेवटपर्यंत दिसलंच नाही. काका, आता राणीची लावा.

बिराप्पा : लावतो. पर राजाक्का, मला एक सांग. मघापासनं डोसक्यात घोळतंय. मास्तर गाण्याला नको म्हणंल हे मला पटंना. पंगतीत कोण पोरगं मोबाईल लावायचं, कसलं भिकार गाणं असायचं, तरी ह्यो घास तोंडात धरून ऐकायचा. तू म्हणतीस सगळ्यांस्नी नको म्हणाला. मान हलवायचा?

राजेश्वरी : मान हलत नव्हती, नळीमुळे. हातानं.

बिराप्पा : उजव्या हाताला सलाईन म्हणालीस.

राजेश्वरी : डाव्या. डोळे मिटलेले असायचे. गाणं सुरू झालं की थोड्या वेळानं डावा हात उचलायचे आणि असं करायचे.

(ती डावा तळवा जमिनीकडे करून, बोटं मोकळी सोडून, हात सावकाश खाली नेते. पुन्हा नेते.)

बिराप्पा : पुन्यांदा कर.

राजेश्वरी : असं. नको, नको. राहू दे.

बिराप्पा : असंच? तळवा खाली? मूठ न्हवती?

राजेश्वरी : नाही.

बिराप्पा : बोट फिरवलं का कवा? असं, गोल?

राजेश्वरी : नाही, काका. हेच. दर वेळी हेच. का?

बिराप्पा : आगं बाई…

राजेश्वरी : काय झालं?

बिराप्पा : ही नकोची खूण न्हाई, राजाक्का.

राजेश्वरी : म्हणजे?

बिराप्पा : बंद करायचं असलं की मास्तर मूठ करायचा. धून बदलायची असली की बोट गोल फिरवायचा. आन हे, तू केलंस ते, हे ‘हळू’. हळू वाजवा, आवाज खाली घ्या. पुढल्याला मंडपात बोलता येऊ दे. सगळ्या खुणा डाव्याच हातानं. उजव्यात सॅक्सोफोन असायचा.

राजेश्वरी : नाही.

बिराप्पा : मी त्येच्या म्होरं तीस सालं उभा हुतो.

राजेश्वरी : मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नका.

बिराप्पा : बरं वाटावं म्हणून? ह्यात काय बरं वाटण्यासारखं हाय?

राजेश्वरी : मी त्यांची मुलगी आहे. मला ही खूण कशी माहीत नाही?

बिराप्पा : तुला कशी ठावं असंल? तू शिकायला साताऱ्याला. आन वरातीत मास्तर आमच्याकडं तोंड करून, उलटा चालायचा. तुमी घरची माणसं पुढं. तुमास्नी त्येची पाठ दिसायची. हात आमास्नी दिसायचा.

राजेश्वरी : दाखवा मला.

बिराप्पा : काय दाखवू?

राजेश्वरी : काहीही. जिथे त्यांनी हा हात केलाय असं काहीतरी. एखाद्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट, काहीही. नुसतं सांगून मी मानणार नाही.

बिराप्पा : सोनियाच्या लग्नाची हाय. जावयानं मोबाईलवर घालून दिलीया. क्यामेरावाला आमच्या मागं, गाडीवर उभा हुता, तवा मास्तर सामोरा दिसंल. हे घे. मला चष्म्याबिगर बारकी अक्षरं दिसत न्हाईत, तूच लाव. पुढं पळव. जेवणं नगंत. आणखी. हां, पाठवणी.

राजेश्वरी : हे आबा?

बिराप्पा : मग कोण? मिशा बघ की. आन ह्यो मागं वळून बघतोय त्यो मी, दात असल्याला.

राजेश्वरी : केवढा आवाज आहे.

बिराप्पा : ताशा लय चढलाय. म्हसवडचा हुता त्यो ताशावाला, कवा ऐकायचा न्हाई. आता बघ. मास्तरकडं बघ, सोनियाकडं बघू नगंस.

राजेश्वरी : हात उचलला.

बिराप्पा : ऐक आता.

(ती मोबाईल कानाजवळ नेते.)

बिराप्पा : ऐकलंस?

राजेश्वरी : ताशा खाली गेला. सगळेच खाली गेले.

बिराप्पा : पुन्यांदा करतोय बघ. अजून खाली.

राजेश्वरी : त्यांनी डोळे मिटलेत.

बिराप्पा : मनासारखं झालं की मिटायचा.

राजेश्वरी : काका, मी बंद केलं की ते डोळे उघडायचे. मला वाटायचं, चिडलेत. म्हणून मी लगेच दुसरं लावायचे. मोठ्यानं. लहानसा स्पीकर आणला होता, उशीजवळ ठेवायचे. बँडमध्ये आयुष्य गेलं, त्यांना कमी ऐकू येत असेल म्हणून.

बिराप्पा : मास्तरला? चार माणसांमागचा झांजवाला अर्धी मात्रा घसरला तर मान वळायची.

राजेश्वरी : आई म्हणायची ते बहिरे झालेत.

बिराप्पा : ते वयनींपुरतं असंल.

राजेश्वरी : म्हणजे मी लावत होते, त्यांना आवडत होतं, ते म्हणत होते जरा हळू, आणि मी बंद करत होते. रोज. शेवटच्या दिवसापर्यंत.

बिराप्पा : व्हय.

राजेश्वरी : एक गाणंसुद्धा पूर्ण ऐकू दिलं नाही मी त्यांना.

बिराप्पा : न्हाई दिलंस. मी खोटं कशाला बोलू?

राजेश्वरी : रागावले असतील?

बिराप्पा : असंल की. त्या म्हसवडच्या ताशावाल्यावर दर लग्नात रागवायचा. दोन-दोन दिस बोलायचा न्हाई. आन म्होरली सुपारी आली की पयला सांगावा त्येलाच. मी म्हणायचो, मास्तर, दुसरा बघू या. म्हणायचा, न्हाई, ह्योच. ह्यो ऐकत न्हाई, पर जीव वतून वाजवतो.

राजेश्वरी : पाणी आहे का?

बिराप्पा : हे घे. हळू पी.

राजेश्वरी : तुम्ही पुन्हा लावा ते. पाठवणीचं. जिथे त्यांनी हात केला तिथून.

बिराप्पा : किती बघशील?

राजेश्वरी : बघायचं नाही, ऐकायचं आहे. ताशा खाली गेल्यावर काहीतरी होतं. लावा ना.

बिराप्पा : तूच दाब. मला त्ये बारकं बटन सापडत न्हाई.

राजेश्वरी : हे. इथे. वर गेलं… खाली… पुन्हा वर… तिसऱ्यांदा… आणि नाही गेलं.

बिराप्पा : सांगितलं न्हवतं? बघ, रडली सोनिया.

राजेश्वरी : काका, हे मी ऐकलंय.

बिराप्पा : मघाशी मीच गुणगुणलो न्हवं का.

राजेश्वरी : त्याच्या आधी. थांबा, माझा मोबाईल कुठाय? आबांनी पाटीवर लिहिलं ना, त्या संध्याकाळी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी नुसतं ‘निवांत सॅक्सोफोन’ असं शोधलं आणि जे पहिलं आलं ते लावलं. सगळ्यांना पहिलं तेच येत असेल. त्यांनी हात केला, मी बंद केलं. त्यानंतर ते कधी लावलंच नाही. नको म्हणालेत म्हणून. आणि नंतर वाचायला लागल्यावर वाटलं, इतकं सोपं कसं असेल?

बिराप्पा : आन आता?

राजेश्वरी : आता हे बघा, सापडलं. लावते.

बिराप्पा : लाव.

राजेश्वरी : सुरुवात ओळखीची वाटत नाही. थांबा. हे… हे बहुतेक.

बिराप्पा : आवाज केवढा ठेवलाईस?

राजेश्वरी : सवय झालीय. कमी करते.

बिराप्पा : अजून.

राजेश्वरी : एवढा?

बिराप्पा : अजून खाली घे. आपुन बोललो तर आपलं ऐकू यावं, गप बसलो तर त्येचं.

राजेश्वरी : आता?

बिराप्पा : हां.

राजेश्वरी : दम घेतला बघा.

बिराप्पा : ऐकला. माणूस हाय.

राजेश्वरी : वर गेलं.

बिराप्पा : गेलं… आलं खाली. पुन्यांदा.

राजेश्वरी : तिसरं. आता बघा, काका. आता जाणार नाही.

बिराप्पा : न्हाई गेलं.

राजेश्वरी : नाही गेलं.

बिराप्पा : सोनियाची.

राजेश्वरी : सोनियाची. नाव सांगू? खरं नाव आहे इथे. वाजवणाऱ्याचं, अल्बमचं, सगळं लिहिलंय.

बिराप्पा : नगं. गुंडा मास्तर कुठनं तरी ऐकंल.

राजेश्वरी : आईला लावते फोन. हॅलो, आई. कानाला धर, आज कानालाच धर. बोलू नकोस.

सुलाबाई : निघालीस का? मी डाळ निवडून—

राजेश्वरी : बोलू नकोस गं. ऐक.

सुलाबाई : काय ऐकू? काय येईना. मोठं कर.

राजेश्वरी : मोठं नाही करायचं. येईल. मिक्सर बंद कर.

सुलाबाई : केला. काय हाय हे? कुणाचं लगीन…

राजेश्वरी : आई? आहेस ना?

सुलाबाई : हाय. गप बस.

बिराप्पा : वयनी, वळखलं का?

सुलाबाई : भावजी, जेवणं झाल्यावरचं हाय हे. दुपारचं. ह्येच लावायचे.

राजेश्वरी : आई, मी त्यांना दवाखान्यात पहिल्या दिवशी हेच लावलं होतं. ते हातानं हळू म्हणत होते, आणि मी…

सुलाबाई : घरला आल्यावर सांग. आता न्हाई.

राजेश्वरी : बरं.

सुलाबाई : राजू.

राजेश्वरी : काय?

सुलाबाई : आता हे संपस्तोवर ऱ्हाऊ दे. बदलू नगंस.